साडेतीनशे सीसीपुढची चैन

मोठ्या मोटारसायकली परवडेनाशा झाल्या, असं कोणी म्हणालं की समोरून ठरलेलं उत्तर येतं: हौसेला मोल नसतं, मग रडता कशाला? २२ सप्टेंबर २०२५ पासून या उत्तरावर सरकारी शिक्काही बसला. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यापुढच्या गाड्यांवर तोवर सेस धरून ३१ टक्के होता, तो ४० झाला. म्हणजे खासगी विमानं आणि यॉट ज्या पंगतीत बसतात, तिथेच आता चाकणला बनणारी चारशे सीसीची गाडी.

चैनीवर कर लावायला कोणाची हरकत नाही, पण माप तरी एक ठेवा. त्याच दिवशी मोठ्या एसयूव्हींवरचा कर ५० वरून ४० टक्क्यांवर उतरला. वीस-पंचवीस लाख मोजणाऱ्याला सवलत आणि अडीच लाखांची गाडी हप्त्यावर घेणाऱ्याला भुर्दंड! साडेतीन-चार लाखांपासून मिळणारी छोटी मोटार १८ टक्क्यांत बसते, तिच्याहून स्वस्त मोटारसायकल बसत नाही. किंमत काहीही असो, सिलिंडर मोठा म्हणून माणूस श्रीमंत, असं हे शास्त्र आहे.

हिशेब मांडून बघा. करापूर्वी दोन लाख किमतीच्या दोन गाड्या घेऊ, एक ३४९ सीसीची, दुसरी ३९८ ची. पहिली शोरूममध्ये २,३६,००० ला पडते, दुसरी २,८०,००० ला. त्या वाढलेल्या किमतीवर महाराष्ट्राचा १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे करावर कर. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. त्याचा हप्ता पहिलीला ७,३६५ रुपये, दुसरीला १५,११७, वर जीएसटी. एकूण फरक ५८ हजारांच्या पुढे जातो. धातू, रबर आणि मजुरी तेवढीच धरली आहे. हे ५८ हजार निव्वळ ३५० सीसीच्या रेषेचे आहेत.

दुसरा आक्षेप असा की या गाड्या परदेशी डौलाच्या, त्या महाग झाल्या तर देशाचं काय बिघडलं? केटीएमच्या ३९० आणि ट्रायम्फच्या ४०० बजाज चाकणला बनवते. पुण्याच्या पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांना तिथून काम मिळतं. उलट खरोखर आयात होणाऱ्या १६०० सीसी आणि त्यावरच्या तयार गाड्यांवरचं सीमाशुल्क २०२५ च्याच अर्थसंकल्पात ५० वरून ३० टक्क्यांवर आणलं गेलं. देशीपणाचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

राहिला सुरक्षेचा मुद्दा. जास्त ताकद, जास्त अपघात. म्हणून किंमत चढीच बरी, असं म्हणणारे भेटतात. मग हेल्मेटवर १८ टक्के का? अडीच हजारांवरच्या कपड्यांचा कर याच फेरीत १२ वरून १८ झाला, त्यात रायडिंग जॅकेट आलं. काळजी असती तर आधी हे स्वस्त झालं असतं. शिवाय मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू तिन्ही दुचाकींना बंद. त्या बंदीला कारणं असतील, पण चैनीचा कर भरून वाट जुन्या घाटाचीच!

इथवर माझे रायडर मित्र टाळ्या वाजवतील. आता त्यांच्याकडे वळतो, कारण सगळं खापर सरकारवर फोडून ते मोकळे होतात. कर एकदा भरतो, देखभाल दर मोसमात. आणि सुट्या भागांवरचा जीएसटी तर २८ वरून १८ वर उतरला आहे. तरी बिल का फुगतं?

कारण गाडी आता चौकातल्या मेकॅनिकच्या हातात राहिलेली नाही. हेडलाइटचा बल्ब गेला तर शंभर-दोनशे रुपयांत काम व्हायचं. एलईडीचं सीलबंद युनिट अख्खं बदलावं लागतं. गाडी उभ्या उभ्या कलंडली तरी लिव्हर, इंडिकेटर, हँडलचं टोक आणि नशीब फुटकं असेल तर रेडिएटर. टॅपेट तपासायचे तर टाकी आणि एअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणजे मजुरीचे तास वाढले. काही गाड्यांचा सर्व्हिसचा दिवा विझवायलाही कंपनीचा स्कॅनर लागतो. त्यात टायरच्या आयातीवर २०२० पासून निर्बंध, त्यामुळे विशिष्ट मापाचा परदेशी टायर हवा असेल तर वाट पाहा आणि दुकानदार मागेल ते द्या.

यातलं बरंचसं तंत्रज्ञानाने आलं, ते मान्य. एबीएस आणि बीएस-६ नको, असं मी म्हणणार नाही. पण सुटा भाग फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच मिळावा, ही सक्ती तंत्रज्ञानाची नाही, धंद्याची आहे. मोटारींच्या बाबतीत स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा कंपन्यांना याच कारणासाठी अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टलही डिसेंबर २०२२ पासून आहे. दुचाकीवाल्यांनी मात्र हा प्रश्न कधी नीट धसाला लावला नाही. आमचा उत्साह एक्झॉस्टच्या आवाजात खर्ची पडला.

म्हणून मागण्या दोन. चैनीचा कर सीसीवर नको, किमतीवर लावा. नाहीतर कारखाने इंजिनं रेषेच्या आत कोंबू लागतील. चार मीटरच्या आतल्या मोटारींना कर कमी, म्हणून टाटांनी इंडिगोची डिकी छाटून इंडिगो सीएस काढली, ते पुण्याने पाहिलं आहे. आणि सुटे भाग, त्यांच्या किमती, दुरुस्तीची पुस्तिका व स्कॅनर कुठल्याही गॅरेजला विकत मिळालेच पाहिजेत.

तोवर बुकिंगची रक्कम देण्याआधी शोरूममध्ये चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, हेडलाइट आणि टायरच्या किमती लेखी मागा. द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसरं शोरूम गाठा.