भाऊबीजेच्या पानाची डावी बाजू

कार्तिक शुद्ध द्वितीयेला साक्षात यमराज आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवायला गेला, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. त्या दिवशी भावाने स्वतःच्या घरी न जेवता बहिणीच्या हातचे जेवावे, हा संकेत त्या कथेतूनच रूढ झाला. यमुनेने त्या दिवशी काय रांधले होते, हे कथा सांगत नाही. पाहुण्याला काही पथ्य आहे का, हे विचारण्याची वेळही तिच्यावर आली नसावी. आपल्यावर मात्र ती आता हमखास येते. दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन वाजतो आणि भाऊ सांगतो, “ताई, मी हल्ली लो-कार्ब आहारावर आहे. भात, पोळी, साखर, बटाटा काही नाही. तू मुद्दाम त्रास घेऊ नकोस.”

या निरोपावर आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक, रुसण्याची: वर्षातून एकदा यायचे आणि त्यातही पथ्य! दुसरी, अतिउत्साहाची: साऱ्या घराचा स्वयंपाक बदलून टाकायचा आणि मुलांच्या पानातली पुरीसुद्धा हद्दपार करायची. माझ्या अनुभवाने दोन्ही चुकीच्या आहेत. परंतु या दोहोंहून मोठी अशी तिसरी चूक माझ्या हातून गेल्या वर्षी घडली. आहारावर लेख लिहिणाऱ्या बाईने ती सांगताना संकोच वाटतो, तरीही सांगते.

माझ्या थोरल्या बंधूंना गेली काही वर्षे मधुमेह आहे. दिवाळीच्या तीन आठवडे आधी एका स्नेह्याच्या सांगण्यावरून त्यांनी कर्बोदके जवळजवळ बंद केली. रक्तातील साखरेचे आकडे उतरले, वजनही थोडे घटले आणि दादा खूश झाले. त्यांच्या आहारासाठी मी जय्यत तयारी केली होती. काय करायचे, काय टाळायचे, याची यादी स्वयंपाकघरात चिकटवलेली होती. जेवण एक वाजता, असे मी कळवले होते. दादा पाऊण वाजता आले आणि आता पाने वाढलीच जाणार या समजुतीने त्यांनी जेवणापूर्वीची गोळी घेऊन टाकली. सकाळी त्यांनी केवळ दोन अंडी खाल्ली होती. इकडे माझ्या नणंदेची गाडी उशिरा पोहोचली, सर्वांनी एकत्र ओवाळून घ्यावे असे ठरले आणि सव्वादोन झाले तरी पाने मांडलेली नव्हती. एरवी शांत असलेले दादा माझ्या मुलावर क्षुल्लक कारणावरून खेकसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, हात थरथरत होते. वहिनींनी तत्काळ बोटाला सुई टोचून साखर मोजली. ती ५४ भरली.

ज्या साखरेचा डबा मी त्या दिवशी मुद्दाम फळीच्या मागे सारला होता, तोच ओढून काढून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजल्यावर आकडा सत्तरीच्या वर गेला, तेव्हा आम्ही श्वास सोडला. वहिनींनीच मग त्यांच्या पानात एक पोळी वाढली आणि त्यांनी ती निमूटपणे खाल्ली.

काय झाले होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. मधुमेहाची काही औषधे, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड, स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन स्रवायला लावतात. पानात काय आहे, याची त्यांना कल्पना नसते. पूर्वीच्या पोळी-भाताच्या हिशेबाने ठरवलेली मात्रा तशीच राहिली आणि पोळी-भात मात्र निघून गेला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. इन्सुलिनच्या इंजेक्शनाचेही तेच. दादांनी आहार बदलला, परंतु आपल्या डॉक्टरांना ते सांगितले नव्हते. दिवाळीनंतर सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी गोळीची मात्रा निम्मी केली.

औषधांचा आणखी एक गट आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही त्यातील नावे आपण ऐकली असतील. ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. ती चालू असताना कर्बोदके फारच कमी केली, तर रक्तात कीटोन नावाची आम्ले साचण्याचा धोका संभवतो. आणि त्यातली फसवणूक अशी, की साखरेचा आकडा त्या वेळी फारसा वाढलेला नसतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे. सणासुदीत ही लक्षणे दिसली की आपण ‘अजीर्ण झाले’ म्हणून ओवा-सैंधव देऊन मोकळे होतो. अशा औषधावर असलेल्या पाहुण्याच्या बाबतीत मात्र थेट रुग्णालय गाठावे.

म्हणून आमंत्रणाच्या फोनवर पदार्थांची यादी विचारण्याआधी आपण औषधांची चौकशी करावी. “गोळी किंवा इन्सुलिन जेवणाआधी घेतोस का? डॉक्टरांना या आहाराविषयी सांगितले आहेस ना?” हे विचारण्यात आगाऊपणा नाही. जेवणाची वेळ सांगावी आणि ती पाळावी. आपल्याकडे ‘एक’ म्हणजे अडीच असतो, हे विनोदाने म्हणणे ठीक. औषध घेतलेल्या माणसासाठी तो विनोद राहत नाही. पाने प्रत्यक्ष समोर आल्यावरच गोळी घ्यायची, असे काहींना त्यांचे डॉक्टर सांगतात. तेही विचारून ठेवावे. आणि साखरेचा डबा हाताशी असू द्यावा. साखर घसरलेला माणूस शुद्धीवर असेल तरच त्याला साखरपाणी पाजावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

मग दुसरा प्रश्न: कमी म्हणजे किती कमी? हा आहार सर्वांचा सारखा नसतो. साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असली की त्याला लो-कार्ब म्हणतात. कीटो आहार घेणारे २० ते ५० ग्रॅमवर थांबतात. पहिल्याला वाटीभर आमटी चालेल, दुसऱ्याला ती जड जाईल. आता आपल्या नेहमीच्या भाऊबीजेच्या पानाचा ढोबळ हिशेब मांडून पाहा. चार लहान पुऱ्या, म्हणजे ४० ग्रॅम. चक्क्याइतकीच साखर घालून केलेल्या श्रीखंडाची वाटी, ४५ ग्रॅम. वाटीभर मसालेभात, ४० ग्रॅम. बटाट्याची भाजी, २० ग्रॅम. पापड, आमटी आणि सकाळच्या फराळातल्या करंज्या धरल्याच नाहीत, तरी आपण दीडशेच्या घरात पोहोचलो. पाहुणा नाही का म्हणतो, ते यावरून ध्यानात येईल.

इथे हितचिंतकांच्या काही ठरावीक चुका होतात. पोळी नको म्हटल्यावर ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी वाढली जाते. भाकरी उत्तमच, परंतु ज्वारी, नाचणी, गहू यांच्या पिठांतील कर्बोदकांत फारसा फरक नाही. मध्यम भाकरीत २५ ते ३० ग्रॅम असतातच. साखर नको म्हटल्यावर गूळ, मध किंवा खजूर येतो. गूळ हा जवळपास साखरच आहे आणि खजुराचा तीन चतुर्थांश भाग कर्बोदकांचा आहे. ‘शुगर फ्री’ असे लिहिलेल्या मिठाईत साखर नसली तरी मैदा, खवा, खजूर असू शकतो. वेष्टनावरचा तक्ता वाचल्याखेरीज तिच्यावर विश्वास ठेवू नये. साबुदाणा उपवासाचा म्हणून हलका, असाही एक समज आहे. तो म्हणजे निव्वळ पिष्ट.

जाता जाता एक गंमत सांगते. हा आहार आजकालचे खूळ आहे, असे म्हणणारे काका आपल्या पंगतीत असतीलच. त्यांना सांगावे, की लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थांनी पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून वजन घटवल्याची हकिगत १८६३ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापली होती. गृहस्थांचा व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा होता. यमद्वितीयेला त्यांचे स्मरण अगदीच अस्थानी नाही.

आता प्रत्यक्ष पानाकडे वळू. आपल्या पारंपरिक पानाची रचना आठवा. मधोमध भाताची मूद, उजवीकडे भाज्या आणि आमटी, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. ही डावी बाजू आपण चवीपुरती मानतो, चमचाभर वाढतो. लो-कार्ब पाहुण्याचे जेवण बहुतांशी याच बाजूला दडलेले आहे. तेव्हा परका पदार्थ शोधण्यापेक्षा डावी बाजू विस्तारावी, असे माझे मत आहे.

खमंग काकडी घ्या. काकडी कोचून, पाणी हलके पिळून, दाण्याचे कूट, ओले खोबरे, मिरची, लिंबू आणि वर तूप-जिऱ्याची फोडणी. नेहमीची चिमूट साखर तेवढी वगळायची. चमचाभर नव्हे, मोठी वाटीभर वाढायची. मुळ्याची दह्यातली कोशिंबीर, तिळाची किंवा ओल्या खोबऱ्याची चटणी हेही तसेच. उजव्या बाजूला भरली वांगी करावीत. दाणे, तीळ, खोबरे, गोडा मसाला हे सारे सारण चालते. गूळ घालू नये, चिंचेऐवजी आमसूल घालावे. फरक कळत नाही, असे मी म्हणणार नाही. कळतो; पण दोन घासांनंतर जिभेला ती चव आवडू लागते. अळूच्या फतफत्यात डाळ कमी, दाणे व खोबऱ्याचे काप अधिक. पालेभाजी ताकातली केल्यास डाळीचे पीठ एका चमच्यावर थांबवावे. कोथिंबीर वडी मोहात पाडते, परंतु तिचा कणा डाळीच्या पिठाचा आहे. एखादी वडी कोणाला चालेल, कोणाला नाही, ते पाहुण्यानेच ठरवावे.

पोट मात्र कोशिंबिरीने भरत नाही. मुख्य पदार्थ हवा. शाकाहारी घरात पनीर, घट्ट दही; चालत असेल तर अंडी. कोकणात आणि गोव्यात ज्या घरांतून भाऊबीजेला मासे चालतात तेथे प्रश्नच मिटतो, फक्त सुरमईला रवा किंवा तांदळाचे पीठ न लावता मसाल्यातच तव्यावर परतावे आणि बरोबर सोलकढी द्यावी. पाहुण्याला मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाण त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठेवावे.

किसलेल्या फ्लॉवरचा ‘भात’ अलीकडे लोकप्रिय झाला आहे. नकली पदार्थांचे मला फारसे प्रेम नाही, तरी हा अपवाद. गोडा मसाला, तोंडली, चार काजू, वर खोबरे-कोथिंबीर आणि तुपाची धार, असा मसालेभाताच्या रीतीने तो केला तर मूद पडते आणि पानाचा मध्य रिकामा दिसत नाही. फ्लॉवर किसून कापडावर पसरून ठेवावा, झाकण न ठेवता परतावा. अन्यथा त्याची खिचडी होते.

गोडाचे काय? चक्क्यात केशर, वेलची आणि स्टीव्हियासारखा गोडवा अगदी बेताने घालून लहान वाटी वेगळी काढावी. ओवाळल्यावर तोंडात घालायचा घास हा नाजूक मुद्दा आहे. पेढ्याचा नखाएवढा तुकडा कोणाला चालेल; कोणी एकदा सुरुवात झाली की थांबणे कठीण म्हणून तोही नाकारील. आधी विचारून ठेवावे, म्हणजे ऐन निरांजनासमोर ओशाळे होण्याची वेळ येत नाही. दादांनी खोबऱ्याचा तुकडा सुचवला होता. तो मला आधी रुचला नव्हता. ताम्हनात मात्र शोभून दिसला.

घरच्या इतरांसाठी पुरी, श्रीखंड, बटाटा नेहमीप्रमाणे असावेत. वाढत्या मुलांना आपण होऊन या पथ्यात ओढू नये. पंगतीत “एवढ्याने काय होतंय?” हा आग्रह नको, तसेच “अरे वा, किती बारीक झालास!” असे जाहीर कौतुकही नको. पाहुण्याच्या पानाविषयी कोणी काही बोलू नये, एवढे घरातल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे. माझ्या सासूबाईंना हे सांगणे सर्वांत कठीण गेले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आग्रह नाही करायचा, तर मग मी पंगतीत फिरू कशाला?” त्यावर तोडगा असा निघाला, की खमंग काकडी आणि सोलकढी वाढण्याचे काम त्यांच्याकडे. त्या पदार्थांचा आग्रह त्यांनी हवा तेवढा करावा.

यंदा दादांचा फोन आधीच येऊन गेला आहे. “जेवण एकला ना? मग गोळी मी तुझ्याकडे पाटावर बसल्यावरच घेईन, डॉक्टरांना विचारले आहे.” नणंदेला मी साडेअकराची वेळ कळवली आहे.