घरसंसार : मनगटावरच्या घड्याळाची निगा

मोबाइलमध्ये वेळ दिसू लागली, तरी आपल्या घराघरांतून मनगटी घड्याळ काही हद्दपार झालेले नाही. निकाहात नवऱ्या मुलाला घड्याळ देण्याची पद्धत अजून आहे. कोकणातल्या कित्येक घरांत आखाती देशांतून वडिलांनी किंवा चाच्यांनी आणलेले सिको नाहीतर सिटिझन आजही चालू आहे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्यांचा कारखाना बंद होऊन काही वर्षे झाली, पण चावीची ती घड्याळे कपाटातून अजून निघतात. अशी वस्तू ही घराची अमानतच असते. ती जपायला फार खर्च लागत नाही, थोडी माहिती आणि महिन्याकाठी दहा मिनिटे पुरतात.

आपल्या घरांत घड्याळाचा पाण्याशी संबंध इतरांपेक्षा जास्त येतो. वुजू करताना मनगट कोरडे राहता कामा नये, म्हणून घड्याळ काढावे लागते किंवा सरकवावे लागते. काहीजण ते तसेच वर ढकलतात आणि त्यावरून पाणी वाहू देतात. काहीजण काढून नळाच्या ओल्या कट्ट्यावर ठेवतात, आणि तिथूनच ते फरशीवर पडते. पाण्याने मेलेली आणि पडून काच फुटलेली घड्याळे पुष्कळदा याच दोन सवयींची असतात. वुजूला बसण्यापूर्वीच घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात टाकावे आणि मनगट पुसून कोरडे झाल्यावरच परत बांधावे. ओल्या मनगटावर दिवसातून पाच वेळा बांधलेला चामड्याचा पट्टा काही महिन्यांतच कुजतो, त्याला वास येतो आणि कातडीला खाज सुटते.

घड्याळावर ‘३० मीटर’ किंवा ‘३ एटीएम’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ते घालून तीस मीटर खोल पाण्यात जाता येते, असा नाही. चार शिंतोडे उडाले तर चालतील, एवढाच त्याचा अर्थ. पोहायचे असेल तर १०० मीटरचे घड्याळ हवे. शिवाय पाणी अडवण्याचे काम झाकणाखालची आणि चावीजवळची बारीक रबरी कडी करते. रबर कालांतराने कडक होते, चिरते. म्हणून नवे असताना पाण्यात टिकलेले घड्याळ दहा वर्षांनी टिकेलच असे नाही. गरम पाण्याची अंघोळ तर कोणतेही घड्याळ घालून करू नये. वाफ आणि साबण दोन्ही त्या रबराचे शत्रू आहेत.

आता सफाईकडे वळू. आधी चावी पूर्ण आत दाबलेली आहे का, ते पाहावे. स्क्रूची चावी असेल तर ती घट्ट फिरवलेली असावी. मग चष्म्याच्या कोरड्या फडक्याने काच, कडा आणि मागचे झाकण पुसावे. कडेला घाम आणि धूळ मिळून काळा थर बसतो. तो लाकडी दातकोरणीच्या टोकाने हलकेच काढावा. सुई किंवा ब्लेड वापरू नये, ओरखडे उठतात.

धातूची साखळी असेल तर ती शक्यतो घड्याळापासून वेगळी करून घ्यावी. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून ती दहा मिनिटे भिजवावी, लहान मुलांच्या मऊ दातब्रशने कड्यांच्या सांध्यांतला मळ काढावा, स्वच्छ पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच जोडावी. साखळी काढता येत नसेल तर ब्रश नुसता ओलसर करून घासावे, घड्याळ पाण्यात बुडवू नये. सोन्याचा मुलामा असेल तर पितळ चकाकवायची पावडर किंवा पॉलिश अजिबात लावू नये. मुलामा फार पातळ असतो. दोन-चार वेळा घासला की खालचा धातू दिसू लागतो.

चामड्याचा पट्टा कोरड्या फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्यावर ठेवावा. आपल्याकडे मनगटावर अत्तर लावायची सवय असते. अत्तरातले तेल चामड्यात मुरते आणि डाग कायमचा राहतो. तेव्हा अत्तर दुसऱ्या मनगटाला लावावे, किंवा लावून मुरल्यानंतर घड्याळ बांधावे. मेंदीच्या हाताचेही तेच.

काचेवरच्या ओरखड्यांना टूथपेस्ट लावावी, असा सल्ला घरोघरी मिळतो. तो अर्धाच खरा आहे. जुन्या एचएमटीसारख्या घड्याळांची काच ॲक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकची असते. नखाने टिचकी मारली तर तिचा आवाज बद्द येतो. तिच्यावर पांढरी पेस्ट थोडीशी घेऊन मऊ कापडाने गोल फिरवली तर बारीक ओरखडे जातात. खऱ्या काचेवर मात्र तिचा काही उपयोग होत नाही.

चावीच्या घड्याळाला रोज ठरावीक वेळी, शक्यतो फज्रनंतर, चावी द्यावी आणि बोटाला अडथळा लागला की थांबावे. या घड्याळांचे चक्र सेकंदाला साधारण पाच ठोके घेते, म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार. आतले तेल सुकले की तेच ठोके दातऱ्यांना झिजवतात. म्हणून वापरातले घड्याळ चार-पाच वर्षांतून एकदा जाणत्या घड्याळजीकडून उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावे. घरी खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल घालू नये. तारीख दाखवणाऱ्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारीख बदलू नये, त्या वेळी आतली दातरी तारखेच्या चकतीत अडकलेली असते. घड्याळ अचानक पुढे पळू लागले तर ते चुंबकाजवळ राहिले असण्याची शक्यता असते. स्पीकर आणि चुंबकाचे मोबाइल कव्हर यांपासून ते दूर ठेवावे.

सेलच्या घड्याळाचा धोका वेगळा आहे. सेल संपला की अनेकजण घड्याळ तसेच कपाटात टाकतात. तो पडून पडून झिरपतो आणि आतला सारा यंत्रभाग खाऊन टाकतो. मरहूम वडिलांची आठवण म्हणून रेशमी रुमालात बांधून ठेवलेले घड्याळ असे आतून नासत असते आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. असे घड्याळ घरात असेल तर या आठवड्यातच त्याचा सेल काढून घ्यावा. ठेवताना सोबत नव्या चपला-पर्सच्या डब्यात मिळणारी ओलावा शोषणारी पुडी ठेवावी, विशेषतः पावसाळ्यात.

काढलेला सेल टेबलावर राहू देऊ नये. चकतीसारखे हे सेल मुले तोंडात घालतात. मोठा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आत गंभीर भाजू शकते. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये, थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे.

काचेच्या आत धुके दिसले तर घड्याळ उन्हात किंवा तव्याजवळ ठेवू नये, तांदळाच्या डब्यातही पुरू नये. त्याच दिवशी घड्याळजीकडे द्यावे. एका दिवसाचा उशीर झाला तरी गंज पकडतो. आणि सेल बदलायला गेलात की रबरी कडीही पाहायला सांगा. तिची किंमत फारशी नसते, पण आतले यंत्र तिच्याच भरवशावर असते.