भाकरी सोडून वजन उतरतें काय?

पुण्या-मुंबईकडून सुटीवर गांवीं येणाऱ्या मंडळींच्या तोंडीं अलीकडे एक उपदेश वारंवार ऐकूं येतो. भाकरी, चपाती व भात सोडा, म्हणजे पोट आपोआप आंत जाईल, असें हे लोक सांगतात. आणि सांगणारा स्वतः चारसहा महिन्यांत खरोखरच सडपातळ झालेला असल्यामुळें त्याचें म्हणणें ऐकणाऱ्यास पटतें. ज्यांच्या घरांत मधुमेहानें पाय ठेवला आहे अशा कित्येक बागाईतदार बंधूंनीं हा उपदेश मनावर घेतला आहे व कांहींनीं भाकरी बंदहि केली आहे. ज्यांचा धंदाच धान्य पिकविण्याचा, त्यांनीं या प्रश्नाचा विचार खाणारे म्हणून व पिकविणारे म्हणून, अशा दोन्ही नात्यांनीं करणें अगत्याचें आहे. धान्य विकणाऱ्यानें धान्याची बाजू घेतली तर तें मत पक्षपाताचें ठरण्याचा संभव आहे, हें आम्ही जाणतों. म्हणून जें प्रयोगांनीं दिसून आलें आहे तें आधीं वाचकांपुढें ठेवतों.

हा उपदेश मुळींच नवा नव्हे. लंडन शहरांत विल्यम बँटिंग नांवाचा, अंत्ययात्रांची व्यवस्था करणारा एक सधन गृहस्थ होता. उंची पांच फूट पांच इंच व वजन २०२ पौंड. बुटाचे बंद बांधण्यासहि त्यास वांकतां येईना. नाव वल्हविणें, वाफेचें स्नान वगैरे उपाय करून थकल्यावर १८६२ सालीं डॉक्टर विल्यम हार्वे यांनीं त्यास पाव, साखर, बिअर, बटाटे इत्यादि पदार्थ वर्ज्य करावयास सांगितले. वर्षभरांत वजन ४६ पौंडांनीं, म्हणजे सुमारें २१ किलोंनीं, उतरलें. १८६३ सालीं त्यानें या अनुभवावर एक लहानसें पुस्तक काढलें व तें इतकें गाजलें कीं इंग्रजी भाषेंत अशा पथ्यालाच त्याचें नांव पडलें. पुढें १९७२ सालीं अमेरिकेंत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांनीं तोच विचार नव्यानें मांडला, आणि आज ‘कीटो’ म्हणून जें पथ्य चाललें आहे तें त्याच घराण्यांतलें. त्यांत पिष्टमय व साखरेचे पदार्थ, ज्यांस शास्त्रीय भाषेंत कर्बोदकें म्हणतात, दिवसाकांठीं सुमारें ५० ग्रॅमांच्या आंत ठेवावे लागतात. शंभर ग्रॅम ज्वारींत कर्बोदकें सुमारें ६८ ग्रॅम असतात. एका मध्यम भाकरीस साठसत्तर ग्रॅम पीठ लागतें असें धरलें, तरी एका भाकरींतच दिवसाचा बहुतेक सर्व हिस्सा संपला. मग डाळ नाहीं, दूध नाहीं, फळ तर नाहींच.

पहिल्या पंधरवड्यांत वजन झपाट्यानें उतरतें त्याचें कारण येथेंच सांगितलें पाहिजे. आपल्या यकृतांत व स्नायूंत साखरेचा कांहीं सांठा ग्लायकोजेनच्या रूपानें असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी बांधलेलें असतें. धान्य बंद होतांच हा सांठा संपत जातो व पाणी लघवीवाटे निघून जातें. कांट्यावर एकदोन किलो कमी दिसतात, मनुष्य हर्षभरित होतो आणि शेजाऱ्यास उपदेश करूं लागतो. परंतु तें बहुतांशीं पाणीच असतें. ओल्या कापसाचें वजन व वाळलेल्या कापसाचें वजन यांतील भेद आमच्या वाचकांस शिकवावयास नको. त्यानंतर मात्र खरी चरबीहि झडूं लागते, हें नाकारतां येत नाहीं. प्रथिनांनीं पोट लौकर भरल्यासारखें वाटतें. साखर, बिस्किटें व फरसाण यांची बंदी न सांगतां होते. त्यामुळें दिवसाकांठीं पोटांत जाणारे एकंदर उष्मांक घटतात. ज्यांस मधुमेह आहे त्यांच्या रक्तांतील साखरहि पहिल्या सहा महिन्यांत चांगली खालीं येते. या पथ्याची जे केवळ थट्टा करतात त्यांस आमचें म्हणणें असें कीं, गुण आला तो आला म्हणावें.

अडचण आहे ती त्यापुढें. अमेरिकेंत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ६३ स्थूल स्त्रीपुरुषांचे दोन गट केले होते. सहा महिन्यांनीं कर्बोदकें सोडणाऱ्यांचें वजन सरासरी ७ टक्के उतरलें, तर स्निग्ध पदार्थ व उष्मांक कमी करणाऱ्यांचें ३.२ टक्के. वर्षाअखेर हेच आंकडे ४.४ व २.५ झाले, आणि तो फरक शास्त्राच्या कसोटीस उतरण्याइतका राहिला नाहीं. शिवाय दोन्ही गटांतील पुष्कळ माणसें मधेंच गळालीं होतीं. अमेरिकेंतीलच स्टॅनफर्ड विद्यापीठानें ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग करून २०१८ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांत स्निग्ध पदार्थ कमी करणाऱ्यांचें वजन सरासरी ५.३ किलोंनीं व कर्बोदकें कमी करणाऱ्यांचें ६ किलोंनीं उतरलें, म्हणजे जवळजवळ सारखेंच. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, साखर व मैदा कमी करावा आणि भाजीपाला भरपूर खावा, असें दोन्ही गटांस सांगितलें होतें.

याच्या उलट बाजूचा पुरावा आहे तोहि दडवून ठेवणें बरें नव्हे. इस्राएलांत ३२२ माणसांवर दोन वर्षें चाललेला एक प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कर्बोदकें कमी करणारा गट ४.७ किलोंनीं उतरून पहिला आला. भूमध्य समुद्राकांठच्या पद्धतीचें जेवण घेणारा ४.४ किलोंनीं, आणि स्निग्ध पदार्थ कमी करणारा २.९ किलोंनीं उतरला. येथें माणसें टिकलींहि फार. दोन वर्षांअखेर शेंकडा ८५ जण पथ्यावर होते. असें कां झालें? तीं सर्व एकाच संस्थेंत काम करणारीं होतीं, आणि दुपारचें मुख्य जेवण तेथील भोजनगृहांत त्यांच्या पथ्याप्रमाणें तयार मिळत होतें. आमच्या मतें या प्रयोगांतील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट वजनाच्या आंकड्यांत नसून त्या भोजनगृहांत आहे.

आमच्या घरीं असें भोजनगृह कोठें आहे? घरधन्यानें कीटो आरंभिलें कीं चुलीपुढें बसणाऱ्या बाईस दोन स्वयंपाक करावे लागतात. एक मुलांमाणसांचा व गड्यांचा, आणि दुसरा एकट्या यजमानाचा. चार दिवस ती हौसेनें करील, महिनाभर कर्तव्य म्हणून करील. पण सुगीच्या दिवसांत, पहांटे चारला उठून शेतावर भाकऱ्या धाडावयाच्या असतां तिनें पनीर परतीत बसावें ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्यांतून लग्नकार्यें, जत्रा, हुरडा व पुरणपोळी हीं वर्षांतून कांहीं थोडीं येत नाहींत. खर्चाचा विचार वेगळाच. पीठ काढून टाकल्यावर त्याच्या जागीं अंडीं, मांस, पनीर, बदाम यांनीं पोट भरावें लागतें. घरच्या कणगींतील ज्वारी मोजावी लागत नाहीं, या वस्तूंस मात्र रोख पैसा पडतो. शाकाहारी घराची पंचाईत तर अधिकच, कारण आमचें प्रथिन मुख्यतः डाळींत, आणि तुरीच्या डाळींत निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचाच.

म्हणून हें पथ्य गुणकारी आहे काय, असें विचारल्यास आमचें उत्तर होय असें आहे. आणि आमच्या घरांत तें वर्षानुवर्षें टिकेल काय, असें विचारल्यास बहुतेकांच्या बाबतींत नाहीं, असें आहे. सोडलेलें वजन परत चढलें तर सहा महिन्यांच्या तपश्चर्येचा उपयोग काय?

परंतु एवढ्यावर भाकरीचा जयजयकार करून मोकळें होणेंहि आम्हांस पसंत नाहीं. आमच्यांतील वृद्ध मंडळी म्हणतात, आमचे आजे चार चार भाकऱ्या खात व त्यांस पोट नव्हतें. खरें आहे. पण ते आजे दिवसभर मोटेमागें फिरत, औतामागें चालत व बाजारास चार कोस पायीं जात. त्यांचा नातू ट्रॅक्टरवर बसतो, पंपाचें बटण मोबाईलवरून दाबतो आणि बांधापर्यंत मोटारसायकल नेतो. जेवण मात्र आज्याचेंच चालू आहे, वर पांचसहा वेळां चहा अधिक. मोठ्या जमीनदारीच्या घरांत हें विशेषच दिसतें. ज्याच्या शेतावर दहा मजूर, त्याचेंच पोट पुढें. बैलाच्या बाबतींत आम्ही असें कधीं करीत नाहीं. नांगरट चालू असतां त्यास सरकी-पेंड देतों, आणि काम संपून तो दावणीस उभा राहिला कीं आंबोण तोडतों. गुरांचें पोट वेगळें व माणसाचें वेगळें हें मान्य. तरी कामाच्या मानानें खुराक हा हिशेब दोघांसहि लागू आहे. आणि आंबोण तोडतांना आम्ही कडबा बंद करीत नाहीं.

दुसरी गोष्ट धान्य पिकविणाऱ्यांस ऐकावयास कडू लागेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणींत आपल्या लोकांच्या उष्मांकांपैकीं शेंकडा ६२ उष्मांक कर्बोदकांतून येतात असें आढळलें, व त्यांतील फार मोठा भाग पांढरा तांदूळ, दळून-चाळून बारीक केलेलें धान्य व साखर यांचा आहे. अठरा हजारांवर माणसांच्या आहाराची ही माहिती २०२५ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा कीं, एकूण कर्बोदकें तेवढींच ठेवून केवळ तांदळाच्या जागीं गहूं किंवा ज्वारी-बाजरी आणल्यानें मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाहीं. कर्बोदकांचा थोडासा हिस्सा काढून त्या जागीं डाळी-दुधाचें प्रथिन घेणाऱ्यांत मात्र तो कमी दिसतो. २०२३ हें भरड धान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरें झालें, तेव्हां ज्वारी म्हणजे जणूं औषध अशी जाहिरात झाली. ज्वारी विकावी म्हणून आम्हांसहि ती गोड वाटली. ज्वारींत शंभर ग्रॅमांस सुमारें १० ग्रॅम तंतुमय भाग आहे, पांढऱ्या तांदळांत तो तीन ग्रॅमांच्या आंत. हा गुण मोठा आहे व तो आम्ही सांगतच राहूं. पण चार भाकऱ्यांनीं मधुमेह बरा होतो असें सांगून ज्वारी खपविणें हा आमच्या धंद्यास न शोभणारा व्यवहार होय.

कर्बोदकें अजिबात सोडण्यापेक्षां तीं कमी करावीं, हें आमचें मत आहे व तें घरांतल्या सर्वांस एकाच चुलीवर साधण्याजोगें आहे. आरंभ चहापासून करावा. पांच ग्रॅमांचे दोन चमचे साखर घातलेला चहा दिवसांतून चार वेळां घेतला तर ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० उष्मांक, पोटांत जातात, आणि त्यांनीं भूक भागत नाहीं. ही साखर सोडण्यास कोणाचा स्वयंपाक वाढत नाहीं. उसाच्या बागाईतदारानें असें लिहिलेलें वाचून रागावूं नये. ऊस कारखान्यास घालावा, चहांत नव्हे. त्यानंतर भाकरी व भात दोन्ही एका जेवणांत न घेतां एकच घ्यावें. तीन भाकऱ्यांच्या दोन कराव्या व सुटलेल्या जागीं घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलें, ताक, पालेभाजी आणावी. पातळ आमटींत डाळ किती असते हें पाण्याकडे पाहूनच कळतें. रात्रीचें जेवण दिवेलागणीच्या सुमारास उरकून घ्यावें, आणि शेतावर निदान एक वेळ पायीं जावें. तूर, मूग, मटकी, हुलगा यांचे चार तास घरापुरते तरी प्रत्येकानें पेरावे, म्हणजे डाळीच्या भावाची सबब उरणार नाहीं.

ज्यांस कडक पथ्यच करून पाहावयाचें असेल त्यांस एक गोष्ट बजावून सांगतों. मधुमेहासाठीं इन्सुलिन टोंचून घेणाऱ्यानें किंवा गोळ्या खाणाऱ्यानें डॉक्टरांस न विचारतां भाकरी बंद करूं नये. औषध तेंच राहून अन्न तुटलें तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरून मनुष्य शेतांतच बेशुद्ध पडूं शकतो. कांहीं नव्या गोळ्यांनीं तर अशा उपासांत रक्त आम्ल होण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं या वाटेस जाऊंच नये. तुपालोण्यावर भर दिल्यानें कित्येकांच्या रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढतें, तें तीन महिन्यांनीं तपासून घ्यावें.

प्रगति पाहण्यासाठीं रोज कांट्यावर चढण्याचें कारण नाहीं. शिंप्याची एक फीत घरांत ठेवावी व महिन्यांतून एकदां, सकाळीं जेवणापूर्वीं, बेंबीजवळून कमरेचा घेर मोजून पंचांगावर लिहावा. आपल्याकडील लोकांत पुरुषांस ९० सेंटिमीटर व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.