पाय कुठे ठेवायचे?

कनेरगाव नाक्याहून एस.टी.ने कॉलेजला येताना रस्त्याकडेला शेंदूर फासलेला एक दगड दिसतो. तो दिसला की बसमधले हात आपोआप जोडले जातात. त्याचेच भाऊबंद मात्र फुटून रस्त्याच्या खडीत पडले आहेत. मग या एकालाच देवपण आले कुठून?

शास्त्री सांगतील, विधीतून. मूर्तीला जलाधिवास, धान्याधिवास घडवतात, मग मंत्रांनी प्राणप्रतिष्ठा होते. गणपतीच्या मातीच्या मूर्तीत तर आपण प्राण आणतो आणि उत्तरपूजेनंतर तिचे विसर्जन करतो. म्हणजे पावित्र्य देणारा माणूस आणि निरोप देणाराही माणूसच! याला मी थोतांड म्हणणार नाही. पेरणीआधी आमची आजी तिफणीला हळदकुंकू वाहते, त्या दिवशी तिला कुणी पाय लावत नाही. एखाद्या वस्तूपुढे स्वतःला आवरणे, हाच माझ्या मते पावित्र्याचा खरा अर्थ.

पण आपण स्वतःला आवरण्याऐवजी दुसऱ्यालाच अडवू लागतो. मागे एका गावी मी मूर्तिप्रतिष्ठेला गेलो होतो. ज्या गवंड्याने गुडघे टेकून गाभाऱ्यातली फरशी बसवली, त्यालाच त्या दिवशी पायरीखाली उभे केले. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही, याची बोच अजून आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाची कथा सर्वांना ठाऊक आहे. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांना नामदेवांनी हटकले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलून जिथे ठेवले, तिथे पिंड उभी राहिली! कथा खरी की खोटी, हा वाद मला गौण वाटतो. पावित्र्याला कुंपण घालता येत नाही, हे ती सांगते.

तरीही पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली आणि विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

मित्रहो, प्रतिष्ठा दगडाची जरूर करावी. पण तो दगड बसवणाऱ्या हातांची अप्रतिष्ठा होत असेल, तर निदान आपण गप्प बसू नये. मी एकदा बसलो, म्हणूनच हे लिहितो आहे.