मिरचीला धुरी कां द्यावी?

मिरचीच्या सॉसच्या बाटल्या आतां तालुक्याच्या दुकानांतही दिसूं लागल्या आहेत. त्यांत धुराचा वास असलेला व बेताचा तिखट असा जो एक प्रकार आहे, त्याकडे मिरची पिकविणाऱ्या शेतकरी बंधूंनीं केवळ शहरी चैन म्हणून पाहूं नये. त्याचें मूळ शेतांत आहे, व तें शेत मेक्सिको देशांतील आहे.

तेथील हालापेन्यो जातीची मिरची जाड सालीची व रसाळ. हिरवी असतां ती बाजारांत जाते; परंतु हंगामाअखेर झाडावर लाल झालेली मिरची उन्हांत टाकली, तर वाळण्यापूर्वीं कुजते. म्हणून लांकडाच्या मंद धुरांत कित्येक दिवस ठेवून ती सुकविण्याची रीत तेथें पडली, व ती स्पॅनिश लोकांच्या आगमनापूर्वींची आहे. या मालास चिपोत्ले म्हणतात. नाहुआत्ल भाषेंत त्याचा अर्थच धुराची मिरची. सुमारें १० किलो ओल्या मिरचीची १ किलो होते.

हीच भिजवून लसूण, टोमॅटो, मीठ व शिरका यांसह वाटली कीं सॉस झाला. जिभेवर प्रथम धूर येतो, मागून पिकल्या फळाची गोडी, मग आंबटपणा. तिखटपणा शेवटीं हळूहळू चढतो. स्कोव्हिल मापानें ही जात २,५०० ते ८,००० इतकीच भरते. हें बेताचें तिखटच तिचा गुण होय. आपल्या लवंगीचा असा सॉस केला, तर धुराचा पत्ताही लागणार नाहीं!

ब्याडगी अगर संकेश्वरी यांना धुरी देण्याच्या भरीस मात्र कोणीं पडूं नये. त्यांची साल पातळ, त्यांस ऊन पुरतें; शिवाय ब्याडगीचें मोल तिच्या रंगांत आहे, तें काजळींत कां घालवावें? धुरी द्यावी ती जाड सालीच्या मिरचीला, जी भाव पडला कीं तोडणीची मजुरीही निघत नाहीं म्हणून शेतांतच सोडावी लागते. धुरीची भट्टी एकट्यास झेपणार नाहीं. दहा जणांनीं मिळून ती घालावी. बाटल्या भरण्याचा सोस प्रथम नको, कारण बाटली, जाहिरात व दुकानदार यांत भांडवल अडकतें. सुका माल महिनोगणती टिकतो, आणि भाव येईपर्यंत थांबण्याची जी सोय ओल्या मिरचीच्या धन्यास कधींच नसते, ती त्यास लाभते.

लांकूड कठीण व वाळलेलें असावें. रंग वा डांबर लावलेलें भट्टीजवळही आणूं नये. मिरची आंतून पुरती सुकली आहे कीं नाहीं, हें चार फळें फोडून पाहिल्यावांचून पोतीं शिवूं नयेत, कारण बुरशीचें विष आढळलेला माल परदेशच्या बंदरावरूनच परत येतो.