आजारी घराचा कचरा आणि आपली सूचना

महानगरपालिका किंवा नगरपरिषद कचऱ्याविषयी नवे उपविधी करते, तेव्हा त्यांचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असे निवेदन वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. त्यासाठी मुदतही दिलेली असते. बहुतेक घरांत ते पान न वाचताच रद्दीत जाते. वाचकहो, ज्या घरात वृद्ध किंवा दीर्घकाळ आजारी व्यक्ती आहे, त्या घराने तरी ते पान वाचावे, एवढ्यासाठी आजचे हे सदर. अशा घराचा कचरा चार घरांसारखा नसतो आणि तो कसा असतो हे त्या घराखेरीज दुसरे कोणी सांगू शकत नाही.

मधुमेही व्यक्तीच्या घरी इन्सुलिनच्या सुया आणि साखर तपासताना बोटाला टोचायच्या लॅन्सेट रोज निघतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी डायपर आणि जखमेच्या ड्रेसिंगचा कापूस निघतो. मुदत संपलेली औषधे तर जवळजवळ प्रत्येक घरात सापडतात. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग करण्यास सांगितले. वापरलेल्या सुया व मुदतबाह्य औषधे त्या नियमांनुसार यांतील तिसऱ्या भागात मोडत होती; डायपर व सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायचे असतात. घातक कचरा स्वीकारण्यासाठी दर २० चौरस किलोमीटर क्षेत्रामागे एक केंद्र असावे, अशी तरतूदही त्या नियमांत होती. आपल्या भागातील असे केंद्र कोठे आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का? नसेल, तर आपली पहिली सूचना तयार झाली.

हा विषय मी आरोग्याचा मानतो, त्याचे कारण त्या सुईच्या टोकाशी आहे. सुक्या कचऱ्यात टाकलेली सुई अखेर कोणाच्या तरी हाताला लागते. संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीची लागण सुमारे ०.३ टक्के प्रसंगी होते. परंतु ‘हिपॅटायटिस बी’ची लस न घेतलेल्या माणसाला त्या आजाराची लागण होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून सुया जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत साठवाव्यात, तीनचतुर्थांश भरताच झाकण घट्ट लावून बाटलीवर ‘सुया’ असे ठळक लिहावे, आणि ती कोठे द्यायची हे आपल्या डॉक्टरांना किंवा आरोग्य निरीक्षकांना विचारावे.

कचरा हाताळणाऱ्याला जे दिसते, ते कार्यालयात बसून दिसत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याचे आवाहन नागरिकांना केले. एका ठिपक्यामुळे पुडके उघडून पाहण्याची वेळ कामगारावर येत नाही. अनुभवातून आलेली सूचना अशी साधी असते. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांचा अनुभवही याच मोलाचा आहे.

तो अनुभव सांगितला नाही, तर काय होते? कचरा कमी करण्याची योजना चांगल्या हेतूने आखली जाते. पण सुका व सॅनिटरी कचरा एक दिवसाआड उचलायचे ठरले, तर निरोगी घराला त्याची झळ लागत नाही, अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरात मात्र दुर्गंधी आणि माश्या वाढतात. घंटागाडी सकाळी सातला येऊन पाच मिनिटांत निघून जात असेल, तर तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघेदुखीच्या आजींनी बादली घेऊन उतरायचे कसे? घाईत जिना उतरताना पडून खुब्याचे हाड मोडणे, ही या वयात आयुष्य बदलून टाकणारी दुखापत आहे.

आपली सूचना तक्रारीसारखी नसावी. ‘कचरा वेळेवर उचलत नाहीत’ या वाक्यावरून योजना आखता येत नाही. त्याऐवजी आठ दिवस घरातला कचरा नुसता मोजा : डायपर किती, सुया किती, औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप किती. मग लिहा : ‘आमच्या इमारतीत अंथरुणाला खिळलेले दोन रुग्ण आहेत. रोज सुमारे आठ डायपर निघतात. सॅनिटरी कचरा रोज उचलावा, सुया व जुन्या औषधांसाठी क्षेत्रीय कार्यालयात पेटी ठेवावी, आणि जिना उतरू न शकणाऱ्यांकडून कचरा दारातून न्यावा.’ एवढे पुरेसे आहे. बैठकीला जाणे जमत नसेल, तर ज्येष्ठ नागरिक संघामार्फत अनेक घरांचे मिळून एक निवेदन द्यावे. पुणे महानगरपालिकेने २००६पासून नागरिकांना आपल्या भागातील छोटी कामे अंदाजपत्रकासाठी सुचविण्याची सोय केली. अशी सोय आपल्या शहरात आहे का, याची चौकशी करावी. गावात राहणाऱ्यांसाठी ग्रामसभा आहेच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ती सहसा भरते.

मोजणीचा दुसरा लाभ घरालाच होतो. औषधाची मात्रा डॉक्टर अजून ठरवत असतील, तेव्हा महिन्याची औषधे एकदम न घेता पंधरा दिवसांची घ्यावीत. उरलेल्या गोळ्यांचा ढीग तेथेच कमी होतो. जो रुग्ण बसू शकतो, त्याला दिवसा दर दोन-तीन तासांनी कमोडच्या खुर्चीवर बसविल्यास डायपर कमी लागतात आणि त्वचाही कोरडी राहते. मात्र कचरा कमी करण्यासाठी ओला डायपर अधिक वेळ ठेवणे कदापि योग्य नाही. त्याने त्वचा सोलवटते आणि पुढे जखमा होतात. ज्याला डायपर लागतोच, त्याने त्याचा संकोच बाळगू नये. योजनेने त्याच्यासाठी जागा ठेवली पाहिजे.

निवेदन देताना त्याची दुसरी प्रत सोबत न्या, तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ती पोच रुग्णाच्या तपासण्यांच्या फाईलमध्येच ठेवा. दोन महिन्यांनी रक्त तपासायला निघाल, तेव्हा फाईल उघडताच आपल्या सूचनेचे पुढे काय झाले, हे विचारायची आठवण होईल.