घाटाच्या राजाला गुण शून्य

जगातली सगळ्यात मानाची सायकल शर्यत कोणती, यावर माझ्या दुकानाच्या ओट्यावर रविवारी सकाळी हमखास वाद रंगतो. दुकान मढमध्ये, धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. अंधेरीची पोरं वर्सोव्याहून सायकली फेरीबोटीत चढवून येतात. मालाड-बोरिवलीची मार्वे, आक्सा, दानापाणी, एरंगळ करत रस्त्याने येतात. कुणाचं पंक्चर असतं, कुणाच्या चाकाचा आउट काढायचा असतो. मी तारा आवळत असतो आणि पोरं शर्यतींची उतरंड लावत असतात. मग कुणीतरी विचारतंच, "काका, तुम्ही सांगा, टूर द फ्रान्सच ना?"

आकड्यांनी पाहिलं तर टूरच. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या तक्त्यात टूर जिंकणाऱ्याला १३०० गुण आहेत, इटलीची जिरो आणि स्पेनची वुएल्टा जिंकणाऱ्याला ११००. एका दिवसाच्या पाच जुन्या शर्यतींना, म्हणजे मिलान-सान रेमो, फ्लँडर्स, पॅरिस-रूबे, लीएज-बास्तोन-लीएज आणि लोम्बार्दिया यांना, प्रत्येकी ८००. टूरच्या विजेत्याला पाच लाख युरो मिळतात, रूबेच्या विजेत्याला तीस हजार. पोरं हे आकडे तोंडपाठ म्हणतात आणि वाद मिटला असं समजतात.

मला ते पटत नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये तादेई पोगाचार पॅरिस-रूबेला उतरला. तोवर त्याने टूर तीनदा जिंकलेली होती. त्याला गुणांची ददात नव्हती की पैशांची. उत्तर फ्रान्समधल्या त्या शेतवाटांवरचे ओबडधोबड दगड माणसाची हाडं खिळखिळी करतात; पडून मोसम वाया जाण्याची भीती असल्यामुळे टूर जिंकणारे लोक सहसा तिकडे फिरकत नाहीत. तरी तो गेला, वळणावर पडला, उठला आणि मॅथ्यू व्हान डर पूलच्या मागे दुसरा आला. तिथे जिंकणाऱ्याला करंडक म्हणून त्याच रस्त्यातला एक दगड देतात. तीन टूर घरात असलेला माणूस त्या दगडासाठी अंग पणाला लावतो, तेव्हा मान कशात आहे हे तक्त्यापेक्षा त्याला जास्त कळतं, असं मी मानतो.

हा मान आला कुठून? सुरुवात अगदी व्यवहारी होती. १९०३ साली लोतो नावाच्या फ्रेंच दैनिकाचा खप वाढेना, म्हणून त्यांनी टूर काढली. सहा टप्पे, २४२८ किलोमीटर. मोरिस गारँ जिंकला आणि पेपरचा खप दुपटीच्या वर गेला. त्या पेपरचा कागद पिवळा होता, म्हणून १९१९पासून आघाडीवरच्या स्वाराच्या अंगात पिवळी जर्सी. १९०९मध्ये इटलीत गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या गॅझेत्ता देल्लो स्पोर्तने जिरो सुरू केली, म्हणून तिथली जर्सी गुलाबी. फ्लँडर्सची शर्यत १९१३मध्ये सुरू झाली, तीही एका क्रीडापत्रामुळे. पेपरांनी या शर्यती काढल्या, पण एका वर्षाच्या कौतुकावर थांबले नाहीत. कोण कुठल्या चढावर मागे पडला, कुणी सायकलचा मोडलेला चिमटा लोहाराकडे जाऊन स्वतः जोडला, हे ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. लोक वाचत राहिले आणि पुढच्या वर्षी त्याच चढावर जाऊन उभे राहिले. रूबेचे दगडी रस्ते डांबराखाली जायला लागले, तेव्हा ते वाचवायला तिथल्या लोकांनी स्वयंसेवी मंडळ उभं केलं. आजही ते निखळलेले दगड पुन्हा बसवतात.

पैसा ओतून हे घडत नाही. कतारची शर्यत २००२ ते २०१६ चालली, गुळगुळीत रस्ते, मोठमोठे संघ, जुन्या काळचा महान स्वार एडी मर्क्स याचा हात तिच्यामागे. प्रायोजक आटले आणि ती बंद पडली. बीजिंगची शर्यत २०११मध्ये थेट सर्वोच्च श्रेणीत दाखल झाली आणि २०१४नंतर संपली. आज त्या दोन्हींचे विजेते ओट्यावरच्या पोरांना आठवत नाहीत, आणि ही पोरं १९७०च्या दशकातल्या मर्क्सच्या फेऱ्या सांगतात.

आपल्याकडेही असंच झालं. २०१०-११च्या सुमारास मुंबईत सायक्लोथॉनबरोबर व्यावसायिक स्वारांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. २०११मध्ये इथे जिंकलेला एलिया विव्हियानी पाच वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन गेला. एवढा मोठा स्वार आपल्या रस्त्यावर जिंकून गेला, हे मुंबईत किती जणांना माहीत आहे? शर्यत टिकली असती तर त्याचं नाव इथल्या पोरांनी आपलं म्हणून सांगितलं असतं.

टिकणं म्हणजे काय, ते आमच्या शेजारी दिसतं. एरंगळला सेंट बोनाव्हेंचरच्या चर्चची जत्रा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरते. तिला कुणी श्रेणी दिलेली नाही. पण तो रविवार कोळीवाड्यांना ठाऊक असतो, कुठल्याही धर्माचा माणूस त्या दिवशी तिकडे वळतो. शर्यतीचं तसंच आहे. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, आणि यंदा होणार की नाही अशी शंका कुणाच्या मनात नसावी.

महाराष्ट्राकडेही लोकांच्या मनात मान असलेली एक शर्यत आहे. मुंबई-पुणे. खोपोली सोडली की जुन्या रस्त्याने बोरघाट सुरू होतो, शिंग्रोबाच्या देवळावरून चढ अंगावर येतो आणि घाटात जो पहिला वर पोहोचतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. टूरमध्ये डोंगरातल्या राजाला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. आपल्या राजाला हा किताब कुठल्याही परदेशी तक्त्यावाचून लोकांनी दिला. माझ्या पिढीतल्या ज्या माणसाने कधी शर्यतीची सायकल हातात धरली नाही, त्यालाही 'घाटाचा राजा' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. रेल्वे आणि सेनादलाचे तगडे स्वार या घाटात येऊन झुंजले. महासंघाच्या हिशोबात या राजाला गुण शून्य. मी मात्र मुंबई-पुणेला भारतातली सगळ्यात मानाची शर्यत म्हणतो आणि त्यावर ठाम आहे.

पण हा मान आपण जपलेला नाही. शर्यत कधी होते, कधी खंड पडतो. आयोजक बदलतात, सुरुवातीची जागा बदलते, तारीख आधी कळत नाही. वर्षभर पहाटे उठून आमच्या रस्त्यावर पाय मोडणाऱ्या पोराने तयारी कुठल्या महिन्यासाठी करायची? जुन्या विजेत्यांची वर्षवार यादी एका जागी मिळायला हवी. ती जुन्या स्वारांच्या आठवणीत आणि पिवळ्या पडलेल्या कात्रणांत विखुरली आहे. ती माणसं एकेक करून जात आहेत. मला याचं सर्वात जास्त वाईट वाटतं.

जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. पाच दिवस, पुणे जिल्ह्यातले घाटरस्ते, परदेशी संघ, महासंघाची २.२ श्रेणी. मी तिचं मनापासून स्वागत करतो. मावळात आणि पुरंदरात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शाळकरी पोरांनी खरी शर्यत डोळ्यांनी पाहिली, ही फार मोठी गोष्ट आहे. अशा शर्यतीच्या विजेत्याला ४० गुण मिळतात. टूरच्या १३००पुढे ते किरकोळ वाटतील, पण टूरही पहिल्या वर्षी एका पेपराची जाहिरातच होती. पुण्याची शर्यत दहाव्या वर्षीही त्याच जानेवारीत, त्याच घाटांत झाली, तर मान आपोआप येईल. तीन वर्षांनी निधी नाही म्हणून थांबली, तर ती बीजिंगच्या वाटेने जाईल.

आणखी एक. पॅरिस-रूबेला बायकांची शर्यत सुरू व्हायला २०२१ उजाडलं. लिझी डेगननने ती पहिली शर्यत जिंकली, तेव्हा पुरुषांच्या तीस हजार युरोंसमोर तिला १५३५ युरो होते. माझ्या दुकानात येणाऱ्यांत आता मुलीही आहेत, चढावर त्या पोरांना मागे टाकतात. आपल्या घाटाची राणीही त्याच दिवशी, त्याच चढावर आणि तेवढ्याच बक्षिसासाठी ठरली पाहिजे.

राज्य सरकारला आणि सायकलिंग संघटनांना माझी विनंती आहे: मुंबई-पुणे शर्यतीचा एक रविवार कायमचा ठरवा, त्या सकाळी जुना घाट वाहनांना बंद ठेवा, विजेत्यांची यादी शोधून छापा. आणि मराठी वृत्तपत्रांनो, टूरचा निकाल तुम्ही छापताच. त्या रविवारी तुमचा एक बातमीदार शिंग्रोबाच्या चढावर पाठवा.